रॉजर एबर्ट वाचायला कुठून सुरुवात करावी?

सिनेमाचा नाद नव्याने लागलेली मंडळी हमखास एक प्रश्न विचारतात: रॉजर एबर्टचं नाव सगळीकडे ऐकू येतं, पण त्याचं नेमकं वाचायचं काय? प्रश्न रास्त आहे. या गड्याने शिकागोच्या एकाच वर्तमानपत्रात १९६७ ते २०१३ अशी ४६ वर्षं परीक्षणं लिहिली. त्यांची संख्या काही हजारांत जाते आणि त्यातली बहुतेक त्याच्या नावाच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. एवढा ढीग समोर आला की माणूस काय करतो? आपल्या लाडक्या सिनेमाचं नाव टाकतो आणि स्टार किती दिलेत ते बघतो. जुळले तर खूश. नाही जुळले तर 'याला काय कळतंय!' म्हणून पान बंद. बहुतेकांची एबर्टशी ओळख इथेच सुरू होते आणि इथेच संपते.

त्यापुढे जायची इच्छा असेल तर हा लेख तुमच्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. एबर्टने कुठल्या सिनेमाचा काय निकाल लावला याला आज फारसं महत्त्व नाही. सिनेमा बघताना आपल्याला जे झालं ते साध्या, नेमक्या शब्दांत कसं मांडायचं, हे मात्र त्याच्याकडून शिकता येतं. त्यासाठी थोडा क्रम पाळावा लागतो.

जुजबी माहिती अशी. जन्म १८ जून १९४२, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं अर्बाना गाव. वडील तिथल्या विद्यापीठात इलेक्ट्रिशियन. ('२००१: अ स्पेस ओडिसी'मधला हॅल नावाचा संगणक आपला जन्म अर्बानाचा असल्याचं सांगतो. एबर्टला या गावबंधूचं फार कौतुक.) शाळकरी वयातच गावच्या पेपरात खेळाच्या बातम्या लिहू लागला. १९६६मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये लागला आणि एप्रिल १९६७मध्ये, पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, सिनेमाचं सदर त्याच्याकडे आलं. १९७५मध्ये समीक्षेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. सिनेमाच्या समीक्षकाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. ४ एप्रिल २०१३ रोजी शिकागोत गेला. एवढं पुरे, आता कामाला लागू.

पायरी पहिली: स्टारचा हिशेब समजून घ्या आणि बाजूला ठेवा

एबर्ट चारपैकी स्टार द्यायचा, पाचपैकी नाही. नवख्यांची पहिली गफलत इथेच होते. तीन स्टार म्हणजे त्याच्या लेखी चांगलाच सिनेमा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याचे स्टार सापेक्ष असत. २००४मध्ये 'शाओलिन सॉकर'च्या परीक्षणात त्याने हे उलगडून सांगितलंय. सुपरहिरोचा एखादा सिनेमा कसा आहे असं मित्राला विचारताना तो गंभीर कौटुंबिक शोकांतिकेच्या तुलनेत कसा आहे, हे आपल्याला विचारायचं नसतं. त्याच जातीच्या दुसऱ्या सिनेमाच्या तुलनेत कसा आहे, एवढंच हवं असतं. आपणही दिवाळी अंकातली विनोदी कथा आणि 'कोसला' एका तराजूत तोलत नाहीच.

या तत्त्वापायी १९८७मध्ये त्याची चांगलीच शोभा झाली. टीव्हीवर तो परीक्षणांचा एक कार्यक्रम करायचा (त्याबद्दल पुढे), सिनेमा आवडला तर अंगठा वर, नाही तर खाली. त्याच्या एकाच भागात त्याने दिग्गज दिग्दर्शक कुब्रिकच्या 'फुल मेटल जॅकेट' या युद्धपटाला अंगठा खाली केला आणि 'बेन्जी द हंटेड' या कुत्र्याच्या सिनेमाला अंगठा वर. सहकारी जीन सिस्केलने त्याला तिथल्या तिथे धारेवर धरलं. एबर्टचं म्हणणं एकच: लहान मुलांचा कुत्र्याचा सिनेमा म्हणून तो छान जमलाय, त्याची कुब्रिकशी तुलना करायची कशाला? मला त्याचा कुब्रिकवरचा निकाल पटत नाही, पण युक्तिवाद पटतो. तुम्ही काय ते ठरवा. तोवर परीक्षण उघडलं की वरचे स्टार हाताने झाका आणि मजकूर वाचायला घ्या.

पायरी दुसरी: 'ग्रेट मूव्हीज'पासून सुरू करा, पण आधी सिनेमा बघा

शुक्रवारची परीक्षणं घाईत लिहिलेली असतात. सिनेमा लागतोय, मजकूर छपाईला जायचाय, वाचकाला तिकीट काढायचं की नाही ते सांगायचंय. १९९६पासून एबर्टने दर पंधरवड्याला एक वेगळं सदर लिहायला घेतलं, 'द ग्रेट मूव्हीज'. यात तिकीटविक्रीचा संबंध नाही. जुना, आधी अनेकदा पाहिलेला सिनेमा पुन्हा बघायचा आणि निवांत लिहायचं. त्याची पुस्तकंही झाली. माझ्या मते त्याचं सगळ्यात टिकाऊ लेखन हेच.

मराठी वाचकाने सुरुवात सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीवरच्या लेखापासून करावी. त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. खेड्यातलं पडकं घर, भिक्षुकीवर न भागणारा संसार, थोरली बहीण, म्हातारी आत्या: हे जग आपल्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. त्यामुळे इलिनॉयमधल्या माणसाला ते कसं दिसलं, एवढ्याकडेच लक्ष देता येतं. पहिल्या दिवशी रायनी कधी दिग्दर्शन केलेलं नव्हतं, कॅमेरामनने कधी सिनेमा चित्रित केलेला नव्हता, ही दंतकथा तो सांगतो. पण भारतीय दारिद्र्याचं दर्शन वगैरे ठरीव शेरे मारत बसत नाही. आपल्यापासून इतक्या दूरच्या काळाबद्दल आणि माणसांबद्दल असूनही हे सिनेमे थेट आत पोचतात, एवढंच तो म्हणतो आणि ते कसं पोचतात ते दाखवत जातो. तो आवडला तर 'जलसाघर'वरचाही वाचा. पडत्या जमीनदाराच्या माजाबद्दल आणि गाण्याच्या व्यसनाबद्दल त्याने लिहिलेलं आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याला लागू पडावं.

दुसरा लेख सर्जिओ लिओनीच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा. हा जरा सावकाश वाचा, कारण यात एबर्टच्या नजरेचा सगळा कस दिसतो. तो म्हणतो, लिओनीच्या सिनेमात एक नियम आहे: पात्रांना चौकटीबाहेरचं दिसत नाही. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते महत्त्वाच्या क्षणी पात्रांनाही दिसत नाही. उघड्या माळावरून दोघे चालत असतात आणि एकदम सैन्याचा अख्खा तळ समोर उभा राहतो. खऱ्या आयुष्यात तो मैलभरावरून दिसला असता. आपण हा सिनेमा दहा वेळा पाहिलेला असतो, प्रत्येक वेळी दचकलेलो असतो, पण का दचकलो हे कधी विचारलेलं नसतं. हे वाचल्यावर सिनेमा पुन्हा लावा, बघा काय होतं ते.

याच लेखात आणखी एक गंमत आहे. १९६८मध्ये त्याने याच सिनेमाला तीन स्टार दिले होते. जुनं परीक्षण पुन्हा वाचताना त्याच्या लक्षात आलं की वर्णन सगळं चार स्टारच्या सिनेमाचं आहे आणि स्टार मात्र तीन. कारणही त्यानेच सांगून टाकलं: हा इटालियन लोकांनी काढलेला स्वस्तातला वेस्टर्न (काउबॉयपट), म्हणजे कला कशी असेल, असं तेव्हा वाटलं असावं. स्वतःच्या तरुणपणीच्या पूर्वग्रहावर असं बोट ठेवणारे समीक्षक मला फार भेटलेले नाहीत.

तिसरा, फेलिनीच्या 'ला डोल्चे व्हिटा'वरचा. रोममधला पत्रकार मार्चेल्लो रात्रीमागून रात्री पार्ट्यांमधून भटकतो, बस, एवढंच कथानक. एबर्टने हा सिनेमा दर दहाएक वर्षांनी पाहिला. विशीच्या आत असताना मार्चेल्लोचं आयुष्य त्याला स्वप्नवत वाटलं. १९७०च्या आसपास तो स्वतःच शिकागोच्या बारमध्ये तसं आयुष्य जगत होता. १९८०मध्ये दारू सोडून झाली होती (ती त्याने १९७९च्या ऑगस्टमध्ये सोडली), तेव्हा मार्चेल्लो बळी वाटला. १९९१मध्ये त्याची कीव आली आणि माया वाटली. अख्ख्या लेखात तंत्राची चर्चा जेमतेम. पण सिनेमा तोच राहतो आणि बघणारा बदलतो, हे इतक्या कमी शब्दांत दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर सोडून द्या. तो वर्तमानपत्रात घडलेला माणूस. वाक्यं आखूड, शब्द रोजचे. सिद्धान्तांची जडजंबाळ परिभाषा त्याच्याकडे जवळपास नाही. कळतच नाही असं एखादं वाक्य आलं तर बहुधा त्यात अमेरिकन टीव्हीवरच्या कुणाचा तरी संदर्भ असतो. तो खुशाल गाळा.

पायरी तिसरी: झोडपणी वाचा, पण बेताने

ही मिठाई आहे. त्याच्या फेसबुकी कीर्तीत या झोडपण्याचा वाटा मोठा. १९९४च्या 'नॉर्थ' या सिनेमाबद्दल त्याने 'मला हा सिनेमा अजिबात, अजिबात, अजिबात आवडला नाही' अशा धाटणीची ओळ लिहिली आणि पुढे ती त्याच्या वाईट सिनेमांवरच्या पुस्तकाचं शीर्षक झाली. रॉब श्नायडर या विनोदी नटाने आपल्या सिनेमाला नावं ठेवणाऱ्या एका पत्रकाराला 'तुला कधी पुलित्झर मिळालंय का?' असं जाहिरात देऊन हिणवलं. तेव्हा २००५मध्ये एबर्टने लिहिलं, की योगायोगाने मला मिळालेलं आहे, तेव्हा अधिकारवाणीने सांगतो, तुझा सिनेमा भिकार आहे.

पुढचा भाग लोक सहसा सांगत नाहीत. २००७मध्ये एबर्ट आजारी असताना त्याच्याकडे फुलं आली. खाली सही: 'तुमचा सर्वांत नावडता नट, रॉब श्नायडर'. त्यावर एबर्टने लिहिलं की श्नायडरने वाईट सिनेमा केला असेल, पण तो वाईट माणूस नाही.

'द ब्राउन बनी'चंही असंच. २००३मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तो बघून एबर्टने महोत्सवाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट सिनेमा म्हणून जाहीर केलं. दिग्दर्शक व्हिन्सेंट गॅलोने त्याच्या जाडेपणावरून शिव्या घातल्या. एबर्टचं उत्तर: मी जाड आहे, पण एक दिवस बारीक होईन, तो मात्र 'द ब्राउन बनी'चा दिग्दर्शकच राहील. पुढच्या वर्षी गॅलोने सिनेमा २६ मिनिटांनी कापला. एबर्टने तो पुन्हा पाहिला आणि तीन स्टार दिले, कात्रीने काय सुधारलं ते सविस्तर लिहून. भांडण विसरून नव्याने बघणं, हे त्या शिवीगाळीपेक्षा शिकण्यासारखं. म्हणून चार-पाच झोडपण्या वाचा, हसा आणि थांबा. यांचंच व्यसन लागलं तर आपणही टोमणे मारायला शिकतो आणि त्यालाच समीक्षा समजू लागतो.

पायरी चौथी: सिस्केलबरोबरची भांडणं बघा

अंगठा वर, अंगठा खाली ही भानगड टीव्हीची. १९७५मध्ये शिकागोच्या सार्वजनिक वाहिनीवर दोन प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांचे समीक्षक समोरासमोर बसवले: 'सन-टाइम्स'चा एबर्ट आणि 'ट्रिब्यून'चा जीन सिस्केल. थिएटरच्या बाल्कनीसारखा सेट आणि दोघांमध्ये खरीखुरी चुरस. नावं आणि वाहिन्या बदलत कार्यक्रम देशभर गेला. सिस्केल फेब्रुवारी १९९९मध्ये वारला, तोपर्यंत ही जोडी टिकली. जुने भाग तुकड्या-तुकड्यांत यूट्यूबवर सापडतात.

बघताना निकालापेक्षा वाद कसा चाललाय तिकडे लक्ष द्या. दोघं एकमेकांचं बोलणं तोडतात, चिडतात, पण भांडण सिनेमातल्या एखाद्या दृश्यावरच येऊन थांबतं. 'मला आवडला' यावर दुसरा लगेच 'कशामुळे?' विचारणार, हे पहिल्याला माहीत असतं. आपल्याकडच्या वाहिन्यांवरच्या चर्चांची सवय असेल तर हे बघून हेवा वाटेल.

या जोडीने केलेलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे छोट्या सिनेमांची पाठराखण. 'हूप ड्रीम्स' हा शिकागोतल्या दोन कृष्णवर्णीय मुलांवरचा बास्केटबॉलचा माहितीपट, जवळपास तीन तासांचा. १९९४मध्ये दोघांनी तो इतका लावून धरला की एरवी अशा माहितीपटाकडे ढुंकूनही न बघणारे लोक तो बघायला गेले. ऑस्करला माहितीपटाच्या गटात नामांकन न मिळाल्यावरही दोघांनी आरडाओरडा केला. एबर्टने पुढे तो नव्वदच्या दशकातला सर्वोत्तम सिनेमा ठरवला.

पायरी पाचवी: त्याच्याशी भांडा

कुणी लाडका झाला की त्याचं सगळंच बरोबर वाटायला लागतं. त्यावर उतारा म्हणून त्याचे वादग्रस्त निकाल मुद्दाम वाचा. डेव्हिड लिंचच्या 'ब्लू व्हेल्वेट'ला १९८६मध्ये त्याने एक स्टार दिला. 'फाइट क्लब', 'डाय हार्ड' आणि 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'ला दोन-दोन. 'द युज्वल सस्पेक्ट्स'ला दीड.

यातलं 'ब्लू व्हेल्वेट'चं परीक्षण नीट वाचण्यासारखं आहे. सिनेमा अश्लील आहे, अशी तक्रार तो करत नाही. इझाबेला रोसेलिनीने पडद्यावर जीव तोडून जे सोसलं, त्याला दिग्दर्शकाने उपरोधाची आणि थट्टेची चौकट दिली. नटीने एवढं ओतलं तर सिनेमानेही तितकंच गंभीर व्हायला हवं होतं, हा त्याचा राग. मला स्वतःला 'ब्लू व्हेल्वेट' थोर वाटतो. तरीही हा आक्षेप वाचल्यापासून तो सिनेमा पूर्वीसारखा निर्धास्तपणे बघता आलेला नाही. मतभेद असूनही समीक्षा उपयोगी पडते ती अशी. आणि लिंचचं म्हणाल तर एबर्टने त्याच्यावर फुली मारली नाही. 'द स्ट्रेट स्टोरी' आणि 'मुल्हॉलंड ड्राइव्ह'ला चार-चार स्टार दिले.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र तो सरळसरळ तोंडावर आपटला. ते कधी कला होऊच शकत नाहीत असं २०१०मध्ये लिहिल्यावर हजारो वाचक तुटून पडले. काही महिन्यांनी त्याने लिहिलं की गेम खेळून न बघता मी त्यावर बोलायलाच नको होतं. मत तरी पूर्ण सोडलं नाही, हट्टी होताच.

पायरी सहावी: 'थांबवा!'

या पायरीवर वेळ घालवा, कारण इथे तुम्ही नुसते वाचक राहत नाही.

एबर्ट सिनेमा शिकवायचाही. फुटबॉलचे प्रशिक्षक सामन्यांच्या फिती मध्येच थांबवून खेळाडूंना चुका दाखवतात, तसंच आपण सिनेमाचं का करू नये, हे त्याच्या डोक्यात बसलं. कोलोरॅडो विद्यापीठात बोल्डर गावी दर वर्षी भरणाऱ्या परिषदेत त्याने हे अनेक वर्षं केलं. पहिल्या दिवशी सिनेमा सलग दाखवायचा. पुढचे दिवस तोच सिनेमा अंधारात पुन्हा लावायचा आणि प्रेक्षकांतल्या कुणालाही 'थांबवा!' असं ओरडायची मुभा. चित्र गोठलं की ओरडणाऱ्याने काय दिसलं ते सांगायचं, मग बाकीच्यांनी भर घालायची. शेकडो लोकांत प्रकाशयोजनेपासून शस्त्रक्रियेपर्यंत कशाचा ना कशाचा जाणकार निघायचाच.

साधारण त्याच काळात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर अपू-त्रयीतला पहिला सिनेमा 'पथेर पांचाली' असाच दृश्यामागून दृश्य उलगडून शिकवत होते. त्यांच्या रसास्वाद वर्गांतून घडलेले कितीतरी लोक महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांत भेटतील. तेव्हा ही रीत आपल्याला परकी नाही.

घरी करायचं तर चार मित्र, एक टीव्ही आणि रिमोट पुरे. अख्खा सिनेमा नको, दहा मिनिटांचा तुकडा घ्या. एबर्टने २००८मध्ये सिनेमा कसा वाचावा यावर लिहिलेल्या लेखात चौकटीबद्दल काही ठोकताळे दिलेत, ते हाताशी ठेवा. मध्यापासून किंचित उजवीकडचं पात्र वरचढ आणि सुस्थित वाटतं. डावीकडचं कमकुवत. बरोबर मधोमध उभा केलेला माणूस पोलिसांनी काढलेल्या फोटोतल्यासारखा वाटू शकतो. पुढचं मागच्यावर आणि वरचं खालच्यावर भारी. हे नियम नव्हेत, कल आहेत, हेही त्याने बजावलंय. उलटं दिसलं की तिथेच थांबवायचं, कारण दिग्दर्शकाने ते बहुधा जाणूनबुजून केलेलं असतं.

सरावासाठी 'पथेर पांचाली'तला अपूचा बाप हरिहर घरी परततो तो भाग घ्या. थोरली मुलगी दुर्गा गेलीय, त्याला माहीत नाही. वादळाने घराची दशा झालेली. तो उत्साहाने पिशवीतून एकेक वस्तू काढून बायकोला, सर्वजयाला दाखवतो. ती गप्प. मग दुर्गासाठी आणलेली साडी निघते. इथे थांबवा. ती कुठे बघतेय? तो कुठे बघतोय? चौकटीत कोण पुढे, कोण मागे? आता पुढे जाऊ द्या. सर्वजयाचा बांध फुटतो, तोंड उघडतं, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा टिपेचा सूर. मागे घ्या आणि आवाज पूर्ण बंद करून बघा. मग चित्राकडे पाठ करून नुसता आवाज ऐका. एकाने तरी 'खरं रडणं ऐकवलं असतं तर जास्त परिणाम झाला असता' असं म्हणावं, नाही तर वाद होणार नाही आणि वादाशिवाय यात गंमत नाही. तासभर यात गेला तरी घाई करू नका.

पायरी सातवी: २००६नंतरचा एबर्ट

कॅन्सर २००२पासून मागे लागला होता. २००६च्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा खालचा जबडा गेला आणि त्याबरोबर बोलणं, खाणं आणि पिणंही. टीव्हीवरचा माणूस मुका झाला. अशा वेळी तो आधीपेक्षा जास्त लिहू लागला. एकट्या २०१२ या वर्षात ३०६ परीक्षणं, वर ब्लॉग.

या काळातलं एक तरी वाचा: तोंडाने काहीही घेता न येण्यावरचा २०१०चा लेख. त्यात रडगाणं नाही. लहानपणी प्यायलेल्या रूट बियरचा (हे बिनदारूचं गोड पेय) थंडगार, जड काचेचा मग आठवणीत कसा लख्ख परत आला, ते आहे. जेवणाची चव आठवते, पण खरी उणीव जेवताना होणाऱ्या गप्पांची, असं तो लिहितो. त्याच वर्षी या माणसाने राइस कुकरमध्ये काय काय शिजवता येतं यावर पाककृतींचं पुस्तक काढलं, हे वाचून मी चाट पडलो. स्वतःला घासभर भातही खाता येत नसताना!

आठवणींचं पुस्तक 'लाइफ इटसेल्फ' २०११चं. त्याच नावाचा माहितीपट २०१४मध्ये आला. तो काढला स्टीव्ह जेम्सने, म्हणजे 'हूप ड्रीम्स'च्याच दिग्दर्शकाने. हॉस्पिटलमधली दृश्यं अंगावर येतात. आधी पुस्तक, मग माहितीपट असा क्रम ठेवलात तर बरं.

मुंबईकरांसाठी एक उपकथा. १९९९पासून एबर्टने शँपेन गावातल्या १९२१ सालच्या व्हर्जिनिया थिएटरात दुर्लक्षित सिनेमांचा महोत्सव भरवला. २००५मध्ये तिथे सुभाष घईंचा 'ताल' दाखवला आणि घई हजर होते. आपल्याकडचे सिनेमाचे गंभीर अभ्यासक 'ताल'चं नाव काढलं तर नाक मुरडतील. एबर्टला नाचगाण्याचा सिनेमा मोठ्या पडद्यावर तुडुंब गर्दीत बघायचा होता, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. 'सलाम बॉम्बे'ला चार स्टार देणारा आणि 'लगान' मनापासून एन्जॉय करणारा हाच माणूस.

पायरी आठवी: आता तुम्ही लिहा

रात्री सिनेमा बघून आलात की झोपण्यापूर्वी दीडदोनशे शब्द लिहा. मराठीत लिहा. परीक्षण म्हणून लिहू नका, म्हणजे 'छायाचित्रण उत्तम, संगीत साजेसं' असली हजेरी घ्यायची वेळ येणार नाही. एबर्ट पॉलीन केल या समीक्षिकेचं एक सांगणं नेहमी उद्धृत करायचा: मी सिनेमाला जाते, बघते आणि मला काय झालं ते स्वतःला विचारते. तेवढाच प्रश्न घ्या. कुठे हसलात, कुठे घड्याळ बघितलं, कुठे शेजाऱ्याचा राग आला. मग त्या जागी पडद्यावर नेमकं काय चाललं होतं ते आठवून लिहा. कथा तीन वाक्यांपलीकडे सांगायची नाही. सिनेमा कशाबद्दल आहे यापेक्षा तो ते कसं मांडतो ते बघा, हा एबर्टचा आवडता नियम इथे कामाला येतो.

सुरुवात सुचत नाही ही सबब चालणार नाही. गावच्या पेपरात पोरसवदा एबर्ट पहिल्या वाक्यावर अडून बसायचा, तेव्हा वयाने थोड्याच मोठ्या असलेल्या एका क्रीडापत्रकार सहकाऱ्याने त्याला दोन गोष्टी सांगितल्या: स्फूर्तीची वाट न बघता लिहायला लाग, आणि लागलास की शेवटपर्यंत थांबू नकोस, कारण गोष्ट कुठे जाते हे कळल्याशिवाय ती कुठून सुरू व्हावी हे तुला कसं कळणार? एबर्ट त्यानंतर भरभर लिहिण्यासाठीच प्रसिद्ध झाला.

स्वतःचं लिहून होईपर्यंत त्याचं परीक्षण उघडायचं नाही, एवढं पथ्य मात्र पाळा. आधी वाचलं की त्याचीच वाक्यं आपल्या तोंडी बसतात. सुरुवातीला कुठला सिनेमा घ्यावा ते सुचत नसेल तर 'ग्राउंडहॉग डे' घ्या. हलकाफुलका आहे, सहज मिळतो आणि एबर्टने त्यावर दोनदा लिहिलंय: १९९३मध्ये तीन स्टारचं परीक्षण आणि २००५मध्ये, आपण याला कमी लेखलं होतं असं कबूल करणारा 'ग्रेट मूव्हीज'मधला लेख. तुमचे दोनशे शब्द झाले की आधी १९९३चं वाचा, मग २००५चं. त्याला बारा वर्षांनी जे दिसलं त्यातलं काही तुमच्या कागदावर पहिल्याच फटक्यात आलं असेल, तर त्या ओळीखाली रेघ मारून ठेवा.